ललिताच्या आवाजाचं मखर

काळाचौकीत गंगाधर परबाला नावाने कमी आणि मखरवाला म्हणून जास्त ओळखतात. थर्माकोल गेलं, पुठ्ठा आला, तरी त्याच्या हातची कमान लांबून कळते. माणूस हाताने कलाकार, तोंडाने अबोल. घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे, ललिताकडे होतं. ती मालवणीत एकदा सुरू झाली की चाळीच्या दुसऱ्या टोकाला लोक हातातली कामं टाकून ऐकत.

गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. जीव वाचेल, पण आवाज जाईल, असं परळच्या डॉक्टरांनी सांगितलं.

लेक सुरुची कॉम्प्युटरवाली. ऑपरेशनच्या आधी तिने आईला माइकसमोर बसवून दिवसचे दिवस बोलतं केलं. कोळणीशी झालेली भांडणं, सोलकढीची कृती, नवऱ्याची उणीदुणी, सगळं भरून घेतलं. ते कॉम्प्युटरला शिकवायचं, मग आईने फोनवर लिहावं आणि आवाज तिचाच यावा, असा बेत होता. ऑपरेशन झालं, ललिता वाचली, घर मुकं झालं. कोपऱ्यातला कॉम्प्युटरचा काळा डबा तेवढा रात्रंदिवस शिकत होता.

गंगाधरला ते बघवेना. बायकोचा आवाज घरी यायचा, तो असल्या भिकार डब्यातून? एवढ्यात सुरुची ऑफिसच्या कामाला पुण्याला निघाली. "बाबा, काही झालं तरी मशीन बंद करू नका हं. अर्ध्यात तुटलं की सगळं पहिल्यापासून," असं बजावून गेली.

गंगाधरने पटाशी आणि डिंक काढला. डब्याभोवती पुठ्ठ्याची कमान उभी राहिली, कमळाच्या पाकळ्या लागल्या, नाजूक जाळी कोरली गेली, वर पिवळ्या दिव्यांची माळ. इतकं मन लावून त्याने लालबागच्या बड्या गिऱ्हाइकांचंही काम केलं नसेल. शेवटी त्याने मागची बाजू पुठ्ठ्याने बंद करून कडांना पट्टी मारली. मखराची पाठ कधी उघडी ठेवायची नाही, आतल्या वायरी पाहुण्यांना दिसता कामा नयेत, ही त्याची उभ्या जन्माची शिस्त. डब्याचा त्याच बाजूचा पंखा आतली गरम हवा बाहेर फेकतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं त्याला सुचलं नाही. बल्बांच्या जमान्यात तो वाऱ्याला फट ठेवायचा. नवे थंड दिवे आले आणि ती सवयही मोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ललिताने कौतुकाने डब्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. गंगाधरचा खांदा हलवत ती मागच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवू लागली. पूर्वीची ललिता असती तर अख्खा मजला गोळा झाला असता. आता बिचारीकडे एक बोट होतं. गंगाधरने वाकून पाहिलं. कोपऱ्यातली पट्टी सुटली होती.

"दिसली गो, लावतंय," म्हणत त्याने ती घट्ट चिकटवली.

तिने कपाळावर हात मारला आणि बटणाकडे झेपावली. त्याने तिचा हात धरला. "बंद करूचा नाय. चेडवान सांगल्यान हा."

लिहून दाखवायला ती फोन शोधू लागली. तेवढ्यात डब्यात फटकन काहीतरी फुटलं आणि जळका वास सुटला. मखराचे दिवे लागलेलेच होते.

सुरुची पुण्याहून धावत आली. तिने आवाज दोन ठिकाणी साठवला होता, पण दोन्ही ठिकाणं त्याच डब्यात. शहाण्यांचीही अशी एखादी बाजू आंधळी असते. जळलेल्या डिस्कमधून साठवलेलं काढून देणाऱ्यानेही हात टेकले. फोनवर आईचे बोललेले जुने निरोप उरले होते, कोथिंबीर आण, गॅस बंद केलास का. तेवढ्यावरून सुरुचीने आवाज बनवून पाहिला, तो कुठल्याही बाईचा वाटला. ललितानेच हात जोडून तो थांबवायला लावला.

"तुमची चूक नाही, बाबा. मी पंख्याचं सांगून जायला हवं होतं," सुरुची म्हणाली. त्यापेक्षा तिने चार थोबाडीत मारल्या असत्या तर गंगाधरला बरं वाटलं असतं.

एका सकाळी ललिता तांदूळ निवडत बसली होती. तो समोर जमिनीवर बसला.

"शिवी घाल गो माका. मनात ठेव नको."

तिने सूप बाजूला सारलं. मग तिचे ओठ हलू लागले, भराभर, हातवारे करत, डोळे पुसत, मधेच हसतसुद्धा. बोलण्यासारखं बरंच साचलं होतं. गंगाधर जीव एकवटून त्या ओठांकडे बघत राहिला, पण त्याला एकही शब्द कळेना.