एका घरातले दोनच

माझा समोरचा वरचा एक दात नकली आहे. लोकांचे दात गोडानं जातात, तंबाखूच्या खर्ऱ्यानं जातात. माझा सरकारी अनुदानानं गेला. दातांच्या डॉक्टरनं कारण विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, आणि त्याला वाटलं की भूल जरा जास्तच चढली.

आमच्या घरात मारामारी नवी नाही. मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, वाडीला अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टचं गोदाम चालवतो. ट्रकवाल्यांशी त्याचे अर्धे व्यवहार तोंडानं होतात, अर्धे हातानं. ताई आम्हा दोघांच्या मधली. तिच्या लग्नात पंगतीच्या मानावरून दोन्हीकडच्या मंडळींनी उकळत्या वरणाचं गंज, भलं मोठं पातेलं, उलथवलं होतं. एका काकाच्या पोटरीवर अजून डाग आहे आणि तो डाग काका पाहुण्यांना धोतर वर करून दाखवतो. ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाटवे, शाळेत पीटी शिकवायचे. त्यांच्या हातचा मार खाल्लेली पोरं आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत, पण ते दिसले की रस्ता बदलतात. राहिलो मी, ज्युनिअर कॉलेजातला क्लार्क. मला मारता येत नाही. मी मध्ये पडतो. घराण्यातली माझी कला एवढीच.

पण मार म्हणजे काय हे आम्हाला ताईच्या मुलानं शिकवलं. त्याला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात, आणि मग हाडाच्या आतून कोणी घण घालावा तसं दुखतं. थंडी पडली की हमखास. पोरगं भिंतीवर डोकं आपटायचं. भाटवे त्याचे हात धरायचे, दादा त्याच्या पायांवर बसायचा, आणि मी पाण्याचा पेला घेऊन उभा राहायचो, ते पाणी कोणी पीत नसे. एकदा त्यानं दादाच्या दंडाला असा चावा घेतला की रक्त निघालं. ट्रकवाल्याच्या एका शिवीवर हात उचलणारा माझा भाऊ, त्यानं दंड मागे घेतला नाही. ‘चाव रे, चाव,’ म्हणत राहिला. दुखणं ओसरलं की पोरगं ओशाळून विचारायचं, मामा, लई लागलं का?

बारावीच्या हिवाळ्यात तो गेला.

वर्षभर ताई कोणाशी बोलली नाही. मग एक दिवस ती त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, मला कामाला लावा. बाईंचं एक संशोधन चालू होतं. हाच आजार एका पोराला रोज मारतो आणि त्याच्या सख्ख्या भावाला वर्षातून एकदा चापट मारून सोडतो, असं का? त्यासाठी त्याच त्याच मुलांचं रक्त दरवर्षी घेऊन जपून ठेवायचं आणि ताडून पाहायचं. त्यांना जागा हवी होती, माणसं हवी होती, मोठा फ्रीजर हवा होता. ताईनं संस्था काढली. कामठी, जरीपटका, आजूबाजूची गावं, सगळीकडे शिबिरं घेतली. आयांना समजावण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे, कारण तिला समजावावं लागतच नसे. ती नुसती जाऊन शेजारी बसायची.

फ्रीजर एका देणगीदारानं दिला. आडवा, मोठ्या पेटीसारखा, झाकण वर उघडणारं. घरच्या फ्रीजपेक्षा कितीतरी थंड. त्याला दादानं गोदामाचा एक कोपरा रिकामा करून दिला, वीज गेली तर अडचण नको म्हणून जनरेटरही बसवला. पहिल्या नमुन्यांमध्ये ताईच्या मुलाचं रक्त होतं. नववीपासून दरवर्षी बाईंनी घेऊन ठेवलेलं. बाकीच्या मुलांचं उद्या पुन्हा घेता येईल, त्याचं नाही. ताई त्याबद्दल बोलायची नाही. पण आली की आधी झाकणावरची धूळ पदरानं पुसायची, मग चप्पल काढायची.

संस्थेचे विश्वस्त म्हणजे आम्हीच सगळे. डॉक्टरीणबाई सोडल्या तर दादा, भाटवे, ताई, मी, आणि आकडा भरावा म्हणून आम्हा भावांच्या बायका. अक्षर चांगलं म्हणून मी सचिव. मी लगेच कार्डं छापून घेतली होती, सोनेरी काठाची, आणि भाजीवाल्यालाही दिली होती.

करोनानंतर देणग्या आटल्या. बाईंनी स्पष्टच सांगितलं की असंच राहिलं तर संशोधन बंद करावं लागेल, आणि बंद झालं की नियमाप्रमाणे नमुने नष्ट करावे लागतील. ताईचा चेहरा तेव्हा मी पाहिला. मग कळलं की अशा संस्थांना सरकारी अनुदान मिळतं. मी मोठ्या हौसेनं अर्ज लिहिला. तिकडून साहेबांचा फोन आला, काम चांगलं आहे म्हणाले, पाहणीला येतो म्हणाले, फक्त एक अडचण: विश्वस्तांमध्ये एका घरातले दोनच चालतील. बाकीचे बाहेरचे घ्या.

अट वाजवी होती. सरकारनं पैसा द्यावा आणि तो एकाच घरच्या ओसरीवर बसून वाटला जावा, हे कोणालाही पटणार नाही. मलाही पटलं, सोनेरी कार्डांकडे न पाहता.

पाहणीच्या आदल्या दिवशी रविवार होता, हमालांना सुटी. दुपारी आम्ही गोदामात बैठक घेतली. सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या, मध्ये लोखंडी घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात घरघरणारा फ्रीजर. बाई अजून यायच्या होत्या, आमच्या बायका घरीच थांबल्या होत्या. त्या तशाही पद सोडायला तयारच होत्या. मी अट वाचून दाखवली. सुरुवातीला सगळे इतके सभ्य वागले की मला भीतीच वाटली. दादा म्हणाला, आपल्याला पदाची हौस नाही. भाटवे म्हणाले, आपल्यालाही नाही. मी म्हणालो, मला तर मुळीच नाही. मग कोणीच उठेना.

‘ताई तं राहीनच,’ दादा म्हणाला. ‘अन् दुसरा मी. जागा माही, जनरेटर माहा.’

‘पोरगं माहं होतं, दादा,’ भाटवे म्हणाले.

दादा जे बोलू नये ते बोलला. ‘तुह्या घरची बिमारी होती ते.’

हा आजार मुलाला व्हायला आई आणि बाप दोघांकडून लागतो, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ताईकडूनही तो गेला होता. म्हणजे आमच्याकडून.

भाटवे हळूच म्हणाले, ‘दोघाकडून लागते ना? मंग हे सोयरीक कोणं जमवली होती, सांग ना गा.’

जमवली होती दादानं. भाटव्यांचे वडील त्याच्या ओळखीचे, बैल खरेदी करताना बाजारात भेटलेले. दोन दिवसांत सुपारी फोडली होती. इतक्या वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं, आणि मला तेव्हा लख्ख समजलं की तो कोपरा, तो जनरेटर, तो दंडाचा चावा, सगळं कशासाठी होतं.

दादानं पोत्यात खुपसलेला हमालांचा आकडा उपसला. हा हातभर लोखंडाचा, टोकाला वाकलेला. क्विंटलचं पोतं ओढतो. भाटव्यांनी खुर्ची उचलली. मी अर्थातच मध्ये पडलो. खुर्चीची कड माझ्या तोंडावर आली आणि दात कुठे गेला ते मला आजतागायत माहीत नाही. बहुतेक सोयाबीनबरोबर तेलाच्या कारखान्यात गेला असावा. मी खाली बसून रक्त थुंकत होतो आणि माझ्या डोक्यावरून दोन म्हातारे एकमेकांना मारत होते. गुद्द्यांचे आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखे येत होते. दादानं भाटव्यांना थप्पीवर आदळलं, बरगडी वाजली ती मी ऐकली. भाटव्यांनी त्याचा कान धरून डोकं भिंतीवर आपटलं, अगदी शाळेतल्यासारखं. एक पोतं फाटलं. दाणे फरशीवर पसरले, त्यावरून दोघं घसरले आणि पडल्या पडल्याही एकमेकांचे गळे त्यांनी सोडले नाहीत.

मग दादा उठला. त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, खरोखरचं, कपाळावरून. ‘याच्यापाईच ना सारं? फोडूनच टाकतो,’ म्हणाला आणि भिंतीकडे गेला. प्लग असा हिसकला की त्याच्या जाड पिना वाकल्या. घरघर थांबली. आकडा घेऊन तो फ्रीजरकडे वळला.

ताई कधी उठली ते आम्ही पाहिलं नाही. साठीची बाई, गुडघ्यांनी अधू, देवळाच्या दोन पायऱ्या चढायला माझा खांदा मागणारी. ती त्या उंच पेटीवर चढून झाकणावर मांडी घालून बसली होती. दादाचा हात सुटलेला होता, थांबला नाही. तिनं हात आडवा धरला. आकड्याचं टोक मनगटाच्या वर शिरलं आणि कोपराकडे फाडत गेलं. पांढऱ्या झाकणावर रक्त पसरायला लागलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, ‘मारायचं हाय तं मार. झाकण नोको उघडू.’

आकडा फरशीवर पडला.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘प्लग लाव.’

दादा धावला. वाकलेल्या पिना बसेनात. त्यानं त्या दातांनी सरळ केल्या, तरी प्लग सुटून बाहेर यायचा. शेवटी तो भिंतीशी उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी प्लग दाबून धरला. घरघर सुरू झाली. तेव्हाच डॉक्टरीणबाई दारात आल्या. त्यांनी दाणे पाहिले, रक्त पाहिलं, आधी ताईचा हात ओढणीनं आवळून बांधला आणि मग विचारलं, झाकण उघडलं होतं का? आम्ही सगळ्यांनी एकदमच नाही म्हटलं. एकमत झालेला त्या बैठकीतला तो एकमेव ठराव.

मी गाडी चालवत ताईला आणि भाटव्यांना दवाखान्यात नेलं. दादाला येता आलं नाही. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो तसाच प्लग धरून बसला होता, कपाळातून गळत. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, काय झालं? ताई म्हणाली, गोदामात पाय घसरला. तो भाटव्यांकडे वळला. त्यांचाही घसरला होता. मग माझ्याकडे. मी तोंडातला बोळा काढून म्हणालो, दाणे सांडले होते. त्यानं टाक्यांसाठी दोरा मागवला.

परतताना ताईनं मला नावं लिहून घ्यायला सांगितली. बाहेरचे कोण ते तिच्या मनात तयार होतं: शिबिरांतल्या दोन आया, एक निवृत्त मास्तर. आणि आपल्या घरातले? मी विचारलं. खरं सांगायचं तर दात गेल्यावरही थोडी आशा होती.

‘दादा अन् हे,’ ती मागच्या सीटवर कण्हणाऱ्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाली.

मी म्हणालो, आणि तू? तुझंच तर आहे सगळं.

‘मले मीटिंगमंदी काय करायचं हाय? मी शिबिरात जाईन. हे दोघं बाहेर राहिले तं एकमेकाले मारून टाकतीन. आत राहिले तं शेजारी बसा लागन.’

गोदामात येऊन दादाला सांगितलं, तर तो प्लग धरलेल्या अवस्थेतच रडायला लागला, आणि डोळे पुसायला हात सोडता येईना. भाटवे वाकू शकत नव्हते. तरी बरगडी धरून खाली बसले आणि म्हणाले, ‘सोड गा. मी धरतो थोडा वेळ.’

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तीन सुजलेल्या चेहऱ्यांनी आणि एका बांधलेल्या हातानं त्यांचं स्वागत केलं. त्यांनी फ्रीजर पाहिला, यादी पाहिली, मला विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, कोणी नाही. ‘नाही’ म्हणताना दाताच्या रिकाम्या जागेतून हवा गेली. जाताना त्यांनी विचारलं की हे दोन विश्वस्त आपसात कोण लागतात. दादा म्हणाला, सोयरे. भाटव्यांनी मान डोलावली.

अनुदान मिळालं, दरवर्षी तपासणी होते, संशोधन चालू आहे. ताईच्या हातावरची शिवण थंडीत ओढते. बैठका अजून गोदामातच होतात, मी चहा द्यायला जातो, म्हणून मला ठाऊक आहे. नवा प्लग भिंतीत स्क्रूनं पक्का बसवलेला आहे. तरी बैठक सुरू व्हायच्या आधी दादा उठतो आणि तो अंगठ्यानं दाबून पाहतो. तो खुर्चीवर परत येऊन बसला की भाटवे उठतात, आणि तेही एकदा दाबून पाहतात.