मोठेबाबांची जागल

विलासचा फोन आला तेव्हा मी साकोलीला माझ्या कॉम्प्युटर क्लासचं कुलूप उघडत होतो. "बाबा गेले," तो म्हणाला. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, आणि मग उठलेच नाहीत. मग फार संकोचानं त्यानं विचारलं, "काम्प्युटर चालूच आहे गा. डुकरं धान खाऊन राहिले. काय करू?" अशा वेळी माणसानं काय सांगावं? मी म्हणालो, स्पेसबार दाब. त्यानं तो दाबला, आणि त्यावरून मयताच्या घरात जो गोंधळ झाला तो ओघानं येईलच. पण ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याच्या खाटेजवळ कॉम्प्युटर काय करत होता, ते आधी सांगायला हवं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि विलास त्यांचा मुलगा. एकोडीला त्यांची धानाची शेती, नाल्यापलीकडे लगेच जंगल. धान लोंबीवर आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत बांधीचा, म्हणजे धानाच्या वाफ्याचा, चिखल करून जातात. म्हणून शेतात मचाण बांधून रात्रभर राखण करायची, तिला आमच्याकडे जागल म्हणतात. मोठेबाबांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाला जागल करू दिली नाही. विलास झोपतो, असा त्यांचा आरोप होता आणि तो खराही होता. त्यांचं हत्यार एकच, आवाज. मचाणावरून त्यांनी हाक दिली की डुकरं पळायचीच, पण गावात झोपलेली माणसंही उठून बसायची. घरात मीठ मागायचं तरी त्याच आवाजात. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, जन्मभर एकच वाक्य बोलत आली : "आवाज कमी करा जी. मी का डुक्कर आहो?"

मग त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी मचाण बंद केलं आणि मोठेबाबा खाटेला लागले. पण डोळ्याला डोळा लागेल तर शपथ. मांजर कौलावर चाललं तरी ते खाटेवरून हाक द्यायचे आणि अख्खी आळी जागी व्हायची. मी भेटायला गेलो तेव्हा सगळे त्यांच्यावर वैतागलेले होते. मला जवळ बसवून ते म्हणाले, "मी आता कायच्या कामाचा राहिलो गा?" हे त्यांनी हळू आवाजात विचारलं. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कॉलेजात असताना मी एक जुना बंदुकीचा खेळ खेळायचो. पडद्यावर फक्त आपली पुढे धरलेली बंदूक दिसते, अंधाऱ्या बोळांतून राक्षस अंगावर येतात, त्यांना गोळ्या घालत सुटायचं. खेळ इतका जुना की जगभरचे शौकीन त्यातली चित्रं, आवाज, नकाशे बदलून आपापले खेळ करतात. त्याला मॉड म्हणतात. मी राक्षसांची डुकरं केली, बोळांच्या जागी मोठेबाबांच्याच बांध्या केल्या आणि क्लासमधला एक म्हातारा कॉम्प्युटर त्यांच्या खाटेशी मांडला. मोठेबाबा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, बंदुकीचं लायसन कोणाच्या नावावर आहे? वनखात्याच्या कागदाशिवाय डुक्कर मारायचं नसतं, हे काय तुला शिकवायला हवं? मी म्हटलं, हा खेळ आहे. ते म्हणाले, गार्ड आला तर जबाब तूच दे. त्यांनी माऊसला हात लावला नाही. शेवटी मी बंदूक काढली आणि एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात वाजवायला रिकामा डबा दिला. गोळीबाराच्या खेळातला गोळीबार काढून टाकणारा मी जगात बहुधा एकटाच असेन.

एवढ्यावर भागलं असतं तर ते मोठेबाबा कसले. मोहाचं झाड चुकीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आहे. मचाणाची शिडी उलट्या बाजूला आहे. डुकरं मी चुकून सडकेकडून आणली होती, तर म्हणाले, "डुक्कर का यष्टीनं येते?" दर रविवारी मी नवा नकाशा घेऊन जायचो आणि नव्या शिव्या खाऊन यायचो. खेळात रात्र असते, म्हणून भर दुपारी ते खिडक्या लावून घ्यायला लावत. दिवसा कुठं जागल असते? मोठी आई अंधारात तांदूळ निवडायची आणि माझा उद्धार करायची. डुकरं हाकलायला मी माझा आवाज भरला होता, तो ऐकून ते म्हणाले, अशा आवाजानं डुक्कर जवळ येईल, विचारपूस करायला. मग त्यांचाच आवाज भरायचं ठरलं. दोघांनी धरून त्यांना अंगणात उभं केलं, मी मोबाइल समोर धरला. "होऽऽऽ हाड्!" शेजारच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या. त्या हाकेसाठी मी स्पेसबार ठरवून दिला. त्या दिवसापासून मोठेबाबा गाढ झोपू लागले. संध्याकाळपर्यंत जागल करून दमायचे ना!

एकदा खरोखरच वनखात्याचा गार्ड चहाला आला. मोठेबाबांनी त्याला अभिमानानं दाखवलं, बघा, बंदूक नाही. त्याला खेळायलाही बसवलं. चहा निवेपर्यंत डुकरांनी त्याचं सगळं धान फस्त केलं. "आता करा पंचनामा," मोठेबाबा म्हणाले आणि खरंच त्याला जाऊ देईनात. मी तो मॉड इंटरनेटवरही टाकला होता. कुठल्याशा परदेशी मुलानं विचारलं, ही डुकरं मरतात कशी? मी ते मोठेबाबांना वाचून दाखवलं. "त्याले सांगजो," ते म्हणाले, "मरत नाहीत. जागून राहा लागते."

तर त्या सकाळी विलासनं स्पेसबार दाबला. घरात बायकांचा आक्रोश चालला होता, मोठेबाबा समोर पांढऱ्या चादरीखाली, आणि त्यांचीच हाक खोलीत दणाणली. रडणं जागच्या जागी थांबलं. अंगणात बसलेले दोन पाहुणे सडकेपर्यंत पोचले, एकाच्या पायात चप्पलही नव्हती. त्या शांततेत मोठ्या आईनं डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि विचारलं, "गेले का डुकरं?" विलास म्हणाला, गेले. मग ती पुन्हा रडायला लागली. हे सगळं मी पोचल्यावर विलासनं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. आम्ही दोघं तिथं तोंडावर दुपट्टा धरून हसलो आणि हसता हसता ढसाढसा रडलो.

तेरवी होऊन आता काही आठवडे झाले. धान लोंबीवर आलंय. कॉम्प्युटर खाटेशेजारी टॉवेलखाली झाकलेला आहे. विलासनं साकोलीच्या बाजारातून शेतात लावायचा भोंगा आणून मचाणावर बांधला, त्यात कुत्र्याचं भुंकणं आणि वाघाची डरकाळी आधीच भरलेली. चार दिवस डुकरं बुजली, मग त्याच भोंग्याखाली लोळू लागली. तेव्हा मोठ्या आईनं मला बोलावून घेतलं आणि एवढंच सांगितलं की त्या काम्प्युटरच्या डब्यातला तो आवाज काढ आणि भोंग्यात घाल.

परवा संध्याकाळी आम्ही तिघं मचाणाशेजारी धुऱ्यावर उभे होतो. मी पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. मचाणावरून मोठेबाबांची हाक सुटली आणि बांध्यांवरून नाल्यापर्यंत गेली. पलीकडच्या झुडपात काहीतरी धडपडत पळालं. गावातली माणसं काय म्हणतील या काळजीनं विलास माझ्याकडे बघू लागला. मोठी आई नाल्याकडे तोंड करून उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं कानामागे सारला.

"आवाज कमी आहे बाबू," ती म्हणाली. "वाढव."