लांब हाताचा क्रूस

समोरच्या आंटी जानेवारीत, एका मंगळवारी गेल्या.

देवावर हक्क सांगणारी माणसं पुष्कळ असतात. पण शेजाऱ्यांवर त्याहून जास्त हक्क सांगणारं माणूस आमच्या बोरिवलीत एकच झालं. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादाची झावळी मिळते. तिची पाती दुमडून छोटे क्रूस करायचे आणि वर्षभर घरात ठेवायचे, ही त्यांच्याकडची रीत. आंटी ‘घर’ म्हणताना अख्खी इमारत धरत. पाण्याच्या पंपावर क्रूस, मीटरच्या पेटीवर क्रूस, आमच्या देव्हाऱ्याशेजारी क्रूस. “तुमच्या बाप्पाला सोबत,” म्हणाल्या, आणि बायकोने केलेले मोदक मागून घेऊन गेल्या.

लिफ्टमधला क्रूस सोसायटीच्या सेक्रेटरींनी नियम दाखवून काढायला लावला. त्याच आठवड्यात ते दोन मजल्यांच्या मधे अडकले. आंटी खुर्ची घेऊन लिफ्टच्या दाराशी बसल्या.

“घाबरू नको रे, तुझ्यासाठी रोझरी म्हणतेय. पण गणपती याच लिफ्टमधून आणतोस ना? तेव्हा तुझा नियम कुठे फिरायला जातो?”

“आंटी, आधी मेकॅनिकला फोन करा ना!”

“केलाय. तो येईपर्यंत तू कुठे जाणारेस? ऐक!”

त्यांच्या क्रूसाचा आडवा हात एका बाजूला लांब असे. मला वाटे, नजर अधू झाली असावी. मग मी पुस्तकांत त्याचा अर्थ शोधला. सापडेना, तेव्हा त्यांनाच विचारलं.

“उभी काडी देवाची. विश्वास. ती सरळच लागते. आडवी माणसांची. प्रेम. समोरचा जेवढा कठीण, तेवढी ती लांब करायची. नाहीतर पोचणार कशी?”

जिन्यातून दिसणारा सेक्रेटरींच्या घरातला क्रूस म्हणूनच भिंतीवर कधी सरळ राहत नसे. पण माझ्या क्रूसाचा हात त्याहून लांब होता. मी दुखावून म्हटलं, “मी तर कधी कुणाशी भांडलो नाही.”

“बोललास तरी कधी? तो निदान भांडायला दार उघडतो रे!”

दरवर्षी राखेच्या बुधवाराआधी त्या दारोदार फिरून जुने क्रूस परत घेत. चर्चमध्ये ते जाळतात आणि त्या राखेने कपाळावर खूण करतात. “जुना धरून नाय बसायचा,” असा त्यांचा दम असे.

यंदा ते न्यायला कोणी आलं नाही. माझा क्रूस देव्हाऱ्याशेजारीच होता. तो दिला, तर आंटींच्या हातचं घरात काही उरणार नव्हतं. ठेवला, तर त्यांचं ऐकलं नाही असं झालं असतं. बरेच दिवस मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. मग एका सकाळी तो पिशवीत घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा सेक्रेटरींची बेल वाजवली.

“मी नाही देणार,” ते दार अडवून म्हणाले. “माझ्याकडे त्यांचं एवढंच आहे.”

“माझ्याकडेही एवढंच आहे,” मी म्हणालो.

ते आत गेले. बऱ्याच वेळाने क्रूस घेऊन बाहेर आले, आणि चपला घालू लागले.

चर्चच्या दारातल्या टोपलीत आमच्या दोन्ही क्रूसांचे हात मावेनात. त्यांनी ते मोडू न देता हळूच आत सरकवले.

क्रूस आता घरात नाही. समोरच्या दाराला कुलूप आहे. रविवारी सकाळी सेक्रेटरी चहाला येतात. बहुतेक वेळ तेच बोलतात, मी ऐकतो.