गंगेत सोडलेली लसूण

वडील तांबट होते. दिवसभर मांडी घालून हंड्याच्या बुडावर हातोडी चालवायची आणि अधूनमधून विडी शिलगवायची, एवढंच त्यांचं हलणं. पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर लागे. ऐन वैशाखातही त्यांचे पाय गार असत. एका वर्षी उजवा अंगठा जांभळा पडला, तेव्हा कुठे आईने धोशा लावून त्यांना वैद्यांकडे नेलं.

वैद्यांनी नख दाबून पाहिलं आणि ते म्हणाले, रक्त इथवर पोचतच नाही. विडी बंद, तळकट बंद, रोज सकाळी गावाबाहेर तपोवनापर्यंत चालायचं आणि दुधात उकळलेली लसूण घ्यायची. नाही ऐकलंत तर आज अंगठा कापावा लागेल, उद्या पाऊल.

घरी आल्याआल्या वडिलांनी विडी पेटवली, का तर हे ऐकून मन अस्वस्थ झालं म्हणून. चालायला त्यांना सवड नव्हती. मी रोज लसूण सोलून, दूध उकळून पुढे ठेवत असे, आणि ते निवून साय धरेपर्यंत तसंच पडून राही.

चातुर्मास लागताना गंगेत, म्हणजे आमच्या गावच्या नदीत, उभं राहून चार महिन्यांसाठी एखादी आवडती वस्तू सोडायची आमच्याकडे रीत होती. देवाच्या धाकाने तरी विडी सुटेल असं आईला वाटलं. तिने तसं बजावून त्यांना पाठवलं. ते ओल्या धोतराने परत आले, ओसरीवर टेकले आणि विडी काढली.

"अहो, मग सोडलंत काय?" आईने विचारलं.

"लसूण. आता चार महिने तिचं नाव काढायचं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी आईही गंगेवर जाऊन आली आणि तिने आपला नेम सांगितला. रोज ते तपोवनापर्यंत चालून येत नाहीत तोवर ती घास घेणार नव्हती, आणि ज्या दिवशी ते विडीला शिवतील त्या दिवशी जेवणारच नव्हती.

वडील चिडले. दोन दिवस नुसती हातोडी आपटत बसले. आई सगळ्यांना वाढून उपाशीच भांडी घासायची. तिसऱ्या दिवशी ती मोरीत भोवळ येऊन पडली, तेव्हा ते निमूट उठले आणि वहाणा चढवून निघाले. पुढे कधी चुकले नाहीत, विडीही सुटली. स्वतःचा पाय जाईल म्हणून जे झालं नाही, ते बायकोला उपाशी मारल्याचं पाप लागेल म्हणून झालं. मला याचा अजूनही संताप येतो.

चातुर्मास संपता संपता एका दुपारी वैद्य आमच्याकडे आले. वडील सकाळी गिऱ्हाइकाशी बोलत बसले होते, त्यामुळे नुकतेच चालून परतले होते. वैद्यांनी पाऊल हातात घेतलं. ते कोमट होतं आणि अंगठ्याचा रंग परतला होता.

"हे कसं जमवलंत?"

"काही नाही हो," वडील म्हणाले, "माणसाकडे निग्रह लागतो."

आई तेव्हा आत, चुलीपाशी, दिवसाचा पहिला घास घेत होती.