वज्रेश्वरीच्या वाटेवर तापलेली गाडी

पेणहून निघताना माझ्या आईने बोनेटला हळदकुंकू लावलं आणि आमच्या ह्यांनी मला शेवटची ताकीद दिली. पाठीच्या दुखण्यामुळे ह्यांचं गाडी चालवणं सुटलंय. मी शिकले ती पन्नाशी उलटल्यावर, त्यामुळे माझ्या चालवण्यावर ह्यांचा काडीचा विश्वास नाही. "सुखरूप परत आलीस तर गाडी ठेवू. वाटेत काही बिघडलं तर विकून टाकू," असं ठरलं होतं. आईला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायचे होते. मला गाडी वाचवायची होती. चार वस्तू आणायलासुद्धा रिक्षावाल्याची मनधरणी करण्याचे दिवस मला परत नको होते.

ठाणे ओलांडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. कशेळीचा पूल उतरला आणि काल्हेर लागलं. दोन्ही बाजूंना गोदामं, मधूनच उंच नव्या इमारती आणि समोर कंटेनरांची न संपणारी रांग. मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. आई गोदामांवरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती.

"एवढ्या सामानाचं लोक करतात तरी काय गं?"

उत्तर देण्याआधी माझी नजर तापमानाच्या काट्यावर गेली. तो लाल रेघेला टेकला होता आणि बोनेटच्या फटीतून वाफ निघत होती. कशीबशी गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच शेजारच्या गॅरेजमधून ओरडा आला.

"ओ ताई, ढक्कन नका खोलू! उकळतं पानी तोंडावर येईल!"

हे रशीदभाई, गॅरेजचे मालक. घराणं मूळचं कोकणातलं, पण कैक पिढ्या भिवंडीत. बाकीचे भाऊ लूम (यंत्रमाग) चालवतात, रशीदभाईंना मात्र तो खडखडाट सोसत नाही. हे सांगताना ते स्वतः एका चालू इंजिनाशेजारी उभे राहून ओरडत होते, ही गोष्ट वेगळी.

गाडी थंड होईपर्यंत थांबणं भाग होतं. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. त्यांच्या बायकोने, नसीमाभाभींनी, आईला आत पंख्याखाली बसवलं आणि चहाबरोबर सांदणं (तांदळाच्या रव्याचे वाफवलेले गोड वडे) आणून ठेवली.

"नारळाचं दूध घालता ना?" आईने पहिल्याच घासाला विचारलं.

"म्हंजे काय आजी! त्याच्याबिगर कसलं सांदण?"

दोघींचं असं जमलं की आई गुडघे विसरली. मी मात्र बशी बाजूला ठेवली, कारण ह्यांचा फोन आला आणि गाडी तापल्याचं सांगावंच लागलं. "तू आता स्टिअरिंगला हात लावू नकोस. मी बसने येतो." अशी पाठ घेऊन बसने! "येऊ नका, बघते मी," म्हटलं आणि फोन ठेवला.

इंजिन निवल्यावर रशीदभाईंनी वरचा होजपाइप दाखवला. गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा हा जाड रबरी पाइप क्लिपजवळ चिरला होता. "हा बदलला की झालं काम. पानी कधी बघितलं होतं?"

"अहो, जावई रोज बघतात," आई दारातून अभिमानाने म्हणाली. "तुळशीला घालून उरलेला तांब्या रोज गाडीत ओततात. एक दिवस चुकत नाहीत."

रशीदभाई पोट धरून हसले. "मग गाडी पन पुण्यवान हाय!"

मीही हसले, आणि मधेच थांबले. बंद रेडिएटरला रोज पाणी लागतंच का? रोज घालावं लागतं म्हणजे रोज कुठूनतरी जातंय. कित्येक दिवस पाइप गळत होता, आणि ह्यांच्या नेमामुळे ते आम्हाला कळलंच नव्हतं. म्हणजे गाडी माझ्या हाताने बिघडली नव्हती! मी वाकून खालचा पाइपही दाबून पाहिला. क्लिपपाशी फुगलेला आणि पिकल्या केळ्यासारखा मऊ.

"तो दिवाळीपर्यंत चालेल," रशीदभाई म्हणाले.

"मला दिवाळीपर्यंत नको, पुढेही हवी आहे गाडी. दोन्ही बदला."

त्यांनीही दाबून पाहिलं आणि मान डोलावली. भिवंडीतून पाइप आणले, नव्या क्लिपा आवळल्या, कूलंट भरलं, इंजिन चालू केलं. मी काट्याकडे टक लावून बसले. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. नसीमाभाभींनी उरलेली सांदणं डब्यात भरून दिली.

भिवंडी मागे पडली तशी शेतं लागली. कुंडाच्या पायरीवर बसून आईने पाण्यात पाय सोडले, डोळे मिटले आणि "आता मला उठवू नकोस" म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की भर गर्दीत रडूच आलं.

संध्याकाळी घरी पोचलो. हे फाटकातच उभे होते. आल्याबरोबर ऐकवायचं म्हणून वाटभर वाक्यं घोळवली होती. पण सगळं सांगितल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. "मला वाटायचं, मी गाडीची काळजी घेतोय," एवढंच म्हणाले. मग ती वाक्यं मी बाजूला ठेवली आणि सांदणांचा डबा पुढे केला.

जेवणं झाली. हात पुसता पुसता हे म्हणाले,

"रोह्याला नेशील का मला? माझ्या ताईला भेटून किती दिवस झाले. बसमध्ये पाठ साथ देत नाही गं."

आईच्या गुडघ्यांसाठी वज्रेश्वरीला गेले होते, असं मी सगळ्यांना सांगते. पण खरं सांगायचं तर ह्यांच्या तोंडून 'नेशील का मला' एवढं ऐकायलाच मी गेले होते.