यादीशी जुळलेलं नाव

सांगलीतल्या एका लॉ कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. दहशतवाद म्हणजे नेमकं काय, यावर जगातल्या देशांचं आजतागायत एकमत नाही. यादी मात्र तयार! संयुक्त राष्ट्रांच्या त्या यादीत नाव आलं की माणसाचा प्रवास बंद. "व्याख्या नसली म्हणून जग काही हात बांधून बसलेलं नाही," असं केवढ्या तोऱ्यात सांगायचे मी वर्गात.

घर आमचं माधवनगरला. आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, त्यावरूनच आडनाव पडलेलं. शाळेत पोरं धाकट्या भावाला त्यावरून चिडवायची, तो रडत घरी यायचा. घरात शिकलेली मी एकटी. त्याचा दहावीचा फॉर्म मीच भरला आणि आडनाव सरळ गाळून टाकलं. पुढे पासपोर्टलाही तेच. उरलं त्याचं नाव आणि अब्बांचं. अशा नावांची माणसं जगात ढिगानं असतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. एवढी शहाणी मी!

अब्बा गेले तेव्हा भाऊ आखातातून मिळेल त्या विमानानं निघाला. वाटेत विमान बदलताना त्याला बाजूला घेतलं. यादीतल्या कुणाचं तरी नाव आणि बापाचं नाव, दोन्ही जुळत होती. त्या माणसाच्या जन्मतारखेची जागा कोरी. मग माझा भाऊ तो नव्हे, हे ठरवायचं कशावरून?

आमच्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत. तरी लोकांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. फौजेतून रिटायर झालेले शेजारचे काका वैतागून म्हणाले, "आवं मॅडम, ह्यो कायदा तुमीच शिकवता न्हवं? मग लावा की कुणाला तरी फोन!" कुणाला लावणार, डोंबल! शेवटी माती दिली. मुलाच्या जागी खांदा काकांनी दिला.

भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. गैरसमज झाला म्हणून सोडलं होतं. फॉर्मचं सगळं मी त्याला सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आपा, अब्बांचं झालं ते झालं. अम्मीच्या वेळी तरी मला पोचू दे."

'यादीतला तो हा नव्हे' असं नोंदवून घ्यायला संयुक्त राष्ट्रांकडे अर्जाची सोय असते. अर्ज केलाय, उत्तर नाही. भाऊ परत आखातात गेला. कॉलेजला निघताना मी रोज अम्मीला दटावते, "गोळी घेतलीस का?"

"घेतली गं बाई, मला काय धाड भरलीय!"

तिला वाटतं, लेकीची माया उतू चाललीय. माया आहेच. पण खरं सांगू? उत्तर येईपर्यंत ती जगायला हवी.