देव्हाऱ्यातली परदेशी गलबतं

भगवानकाका गेल्याचं शहाद्याच्या एसटी स्टँडवर कळलं, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "कोण म्हणतं?" चळवळीची पत्रकं लिहून लिहून माणूस असा होतो... मरणाचाही पुरावा मागतो.

काका तापीकाठचे गुजर शेतकरी, केळीवाले. आमच्या सभेला सतरंजी त्यांची, चहा त्यांचा. मला त्याचाच संशय. एवढं कोण कशाला करतं? गोव्याच्या सत्याग्रहाला तुकडी निघायची ठरली, तेव्हा सगळ्यांत आधी नाव दिलं त्यांनी. यादी माझ्याकडे होती. त्याच आठवड्यात त्यांच्या देव्हाऱ्यात, कुळदेवांच्या टाकांशेजारी, मला तांब्याचं मोठं पदक दिसलं. शिडांची गलबतं, तोफांचा धूर, वर पंखांची बाई, कडेने इंग्रजी अक्षरं. मी वाचली. इंग्रजांनी समुद्रात फ्रेंचांचं आरमार बुडवलं, त्या विजयाची आठवण!

"काका, हे बक्षीस कुणाला मिळालं? कशाबद्दल?"

"बक्षीस? आरे, ती आमनी वहाणवटी माता शे. आजानी सुरतथून आनी."

"ही गोऱ्यांच्या विजयाची बाई आहे. लिहिलंय खाली."

"तुले इंग्रजी येस, भाऊ. मातेले येत नही," म्हणून ते हसले.

मला हसू आलं नाही. त्यांची कुलदेवी गलबतावर उभी असते. आजाला वाचता येत नव्हतं, गलबतावरची बाई दिसली आणि त्याने ती देवी म्हणून घरी आणली. इतकी साधी गोष्ट मी मानायला तयार नव्हतो. गोऱ्यांचं पदक पुजणारा गोऱ्यांशी काय लढणार? मी नाव खोडलं. तुकडी गेली, लाठ्या खाऊन परतली. काका घरीच राहिले. त्यानंतर मी त्यांचा ओटा चढलो नाही.

तेराव्यानंतर गेलो. सुतकात बंद असलेला देव्हारा काकींनी उघडला होता. पदक जागेवर होतं, पण कडेची अक्षरं गायब. नुसते कानशीचे ओरखडे. पुरावा नाहीसा केला... हेच आधी मनात आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं.

"हे कोणी घासलं?"

"त्यास्नीच. तू नाव खोडं ना, त्याच दिन कानस ली बसनात. म्हनेत, आते तो मन्हं नाव लिखी." काकींनी पदक पदराने पुसलं. "तुकडी निघनी तवलोंग पिशवी भरेल व्हती."

माझ्यासारख्याच्या हाती यादी देणाऱ्यांना कुणीतरी जाब विचारायला हवा होता. मीही विचारला नाही.

काकी ते पदक अजून रोज चिंचेने उजळतात. शिडं झिजत चाललीत. कड मात्र बोटाला अजून खरखरते.